आजी, ह्यात काय लिहिलंय?



ह्या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्यावर, नाटकावर, इतिहासावर मोठमोठ्या माणसांची भाषणं झाली. त्या रांगेत 'बालवाडीच्या वयातल्या मुलांचे वाचनाचे खेळ' हा विषय घेऊन उभं राहताना जरा संकोच वाटतो. मंडळानं विषय विचारला तेव्हा मी हाच सांगितला. कार्यवाहांनी फोनवर क्षणभर काही बोललंच नाही, मग म्हणाले, "ठीक आहे बाई, आजी-आजोबा तरी येतील." आलात, आनंद वाटला.

माझ्याकडे माझ्या आईची एक वही आहे. मसाल्यांची प्रमाणं, लोणच्याची कृती, मधेच कुणाच्या बाळंतपणाची तारीख, दुधाचा हिशेब, असं सगळं त्यात आहे. मागच्या दिवाळीत मी ती काढून बसले होते. पाच वर्षांची नात मांडीवर येऊन बसली, पानावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आजी, ह्यात काय लिहिलंय?" मी वाचून दाखवलं. मग तिनं वही बापाकडे नेली, "आता तू वाच." माझा मुलगा उत्तम मराठी बोलतो. शाळा गुजरातीतून झाली, कॉलेज इंग्रजीतून. छापील मराठी तो अडखळत वाचतो. आजीचं अक्षर त्याला लागेना. तो हसला आणि म्हणाला, "आजीलाच विचार." आजीनंतर कुणाला विचारायचं, हे मात्र त्या घरात कुणी बोललं नाही.

ही गोष्ट माझ्या एकटीच्या घरातली नसावी. आपण सुरतेत दोन-दोन, तीन-तीन पिढ्या राहिलेली माणसं. मराठी आपल्या घरात ऐकू येते, गणपतीत, लग्नात, फोनवर येते. ती कानांत टिकली आहे. डोळ्यांतून मात्र ती निसटते आहे. बोलणारा पण न वाचणारा नातू ही आपल्या घरातली नेहमीची गोष्ट झाली आहे, आणि वाचणं गेलं की बोलणंही पुढच्या पिढीत स्वयंपाकघरापुरतं उरतं.

शाळा हे काम करेल का? सुरत महानगरपालिकेच्या शिक्षण समितीच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, आणि खानदेशातून आलेल्या कष्टकरी कुटुंबांची मुलं तिथे शिकतात. त्या शाळांचे आपण ऋणी असायला हवं. पण इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांची नातवंडं इंग्रजी माध्यमात आहेत. 2023 मध्ये गुजरात सरकारनं कायदा करून पहिली ते आठवी गुजराती विषय सगळ्या शाळांत सक्तीचा केला. ते योग्यच आहे, ज्या गावचं पाणी प्यायचं त्या गावची भाषा यायलाच हवी. म्हणजे आपल्या मुलाला शाळेत इंग्रजी मिळेल, गुजराती मिळेल, पुढे हिंदी मिळेल. मराठी वाचायला शिकवणारी एकच जागा उरते, ती म्हणजे घर. आणि त्याच वर्षापासून पहिलीत जायला सहा वर्षं पूर्ण असावी लागतात, त्याआधीचं एक वर्ष बालवाटिकेचं. वयाचा तो काळ आपल्याला आयता मिळाला आहे. तो पाटी-पेन्सिल घेऊन मुलाच्या मागे लागण्यात घालवू नये, एवढंच सांगायला मी आले आहे. मग काय करावं, तेही सांगते.

आधी थोडा इतिहास, कारण तो आपल्याच दोन भाषांचा आहे.

गिजुभाई बधेका हे नाव इथे कुणाला नवं नाही. वकिलीचा धंदा चाललेला माणूस. मुलगा झाला, त्याला कसं शिकवावं ह्या काळजीनं मॉन्टेसरीबाईंची पुस्तकं वाचायला लागला आणि वकिली सोडून बसला. 1920 मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर काढलं. लोक त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशावाली आई, म्हणायचे. 1923 मध्ये त्यांच्या हाताखाली शिकायला आणि काम करायला एक मराठी बाई आल्या, त्या ताराबाई मोडक. त्या मुंबईच्या केळकरांच्या घरातल्या, बी. ए. झालेल्या. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदाची चांगली नोकरी सोडून त्या भावनगरला गेल्या. गुजराती त्यांनी अशी आत्मसात केली की गिजुभाईंबरोबर गुजराती 'शिक्षणपत्रिका' त्या चालवू लागल्या. 1926 मध्ये ह्या मंडळींनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे ताराबाईंनी शिक्षणपत्रिका मराठीत आणली, 1936 मध्ये मुंबईला येऊन दादरला शिशुविहार काढलं, 1945 मध्ये बोर्डीला गेल्या आणि 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. अनुताई वाघ बोर्डीपासून त्यांच्या सोबत होत्या.

आपण सुरतेहून मुंबईला जातो तेव्हा उंबरगाव गेलं की घोलवड स्टेशन लागतं. फास्ट गाडी तिथे थांबत नाही, आपण चिकूच्या वाड्या बघतो आणि पुढे जातो. बोर्डी तिथून अगदी जवळ आहे. मराठी बालवाडी जिथे खेड्यात आणि वारली पाड्यांत रुजली ते हे ठिकाण, आणि तिची शिदोरी आली होती भावनगरहून. मराठी बालशिक्षण गुजरातेत शिकून महाराष्ट्रात गेलं आहे. तेव्हा "गुजरातेत राहून मुलांना मराठी कशी येणार" असं जो म्हणतो त्याला मी ताराबाईंचं नाव सांगते.

बोर्डी-कोसबाडला ह्या दोघींनी एक मोठी गोष्ट केली. मॉन्टेसरीची साधनं महाग, परदेशी मापाची. त्यांनी बिया, शंख-शिंपले, पानं, काड्या, दगड वापरले. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली आणि तिला नाव पडलं अंगणवाडी. जे घराजवळ आहे ते हातात घ्या, हा त्यांचा धडा. सुरतेत आपल्या हाताशी काय आहे? कापड. ते कसं वापरायचं ते पुढे सांगते.

मॉन्टेसरीबाईंनी स्वतः लिहून ठेवलेला एक अनुभव मला फार आवडतो. रोममधल्या त्यांच्या बालगृहात मुलं अक्षरं जुळवायला शिकली होती. बाईंनी खेळण्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहिली. जो चिठ्ठी नीट वाचेल त्याला ते खेळणं खेळायला मिळायचं. मुलांनी चिठ्ठ्या वाचल्या, पण खेळणी घेईनात. त्यांना आणखी चिठ्ठ्या हव्या होत्या. वाचण्याचं बक्षीस म्हणून बाईंनी खेळणं ठेवलं आणि मुलांना वाचणंच खेळणं वाटलं. मी पस्तीस वर्षं बालवाडीत काढली. हे खरं आहे, मी पाहिलं आहे. अट एकच: मुलाला ती चिठ्ठी परीक्षेसारखी वाटता कामा नये.

आता खेळ सांगते. ते कान, हात आणि डोळा ह्या क्रमानं सांगते, कारण मूल त्याच क्रमानं वाचायला लागतं.

पहिला खेळ कानाचा, आणि त्याला कागद लागत नाही. चालताना, रिक्षात, भाजी निवडताना खेळायचा. "मी एक वस्तू बघितली, ती म-नं सुरू होते. ओळख." मूल म्हणेल माठ, मिरची, मांजर. म हा आवाज शब्दापासून सुटा करून ऐकू आला की निम्मं काम झालं. ह्याचाच दुसरा प्रकार टाळ्यांचा. मा-मा, दोन टाळ्या.  इथे एक धोका आहे. 'घर' ह्या शब्दात अक्षरं दोन, पण बोलताना आपण ते एका झटक्यात म्हणतो, मूल एकच टाळी वाजवतं आणि त्याचं चुकत नाही. म्हणून टाळ्यांसाठी पाणी, आजी, आंबा असे शेवट मोकळा असलेले शब्द घ्यावेत.

कानाचाच आणखी एक खेळ खास आपल्या मुलांसाठी. मराठीत च आणि ज ह्यांचे दोन-दोन आवाज आहेत. चार म्हणताना एक, चाक म्हणताना दुसरा. जीभ आणि जाड, चंद्र आणि चांदणी. गुजराती वळणात वाढलेलं मूल सगळे च चारसारखेच म्हणतं आणि आपण हसतो. हसू नये. दोन वाट्या मांडाव्यात, एक 'चार'ची, एक 'चाक'ची. एकेक शब्द म्हणायचा आणि मुलानं चिंचोका योग्य वाटीत टाकायचा. आठवडाभरात कान तयार होतो आणि जीभ त्याच्या मागून येते. 'ळ'ची चिंता तुलनेनं कमी, कारण ळ गुजरातीतही आहे. केळं, फळ, डोळा ही मुलं सहज म्हणतात.

आता हात. मॉन्टेसरी पद्धतीत पॉलिश-पेपरची खरखरीत अक्षरं पुठ्ठ्यावर चिकटवतात, आणि मूल बोटानं ती गिरवतं. सुरतेच्या घरात साडीचं खोकं नाही असं होत नाही आणि चिंध्यांना तोटा नाही. खोक्याचा पुठ्ठा घ्या, त्यावर गुळगुळीत साटीन चिकटवा, आणि त्यावर मखमलीचं किंवा जरीच्या पट्टीचं वीतभर उंचीचं अक्षर. मूल डोळे मिटून बोट फिरवतं आणि सांगतं कोणतं अक्षर. बोट वळणाच्या दिशेनंच फिरलं पाहिजे, हे पहिल्यांदा आपण हात धरून दाखवायचं. अक्षर ओळखवताना तीन पायऱ्या ठेवाव्यात. पहिल्या दिवशी नुसतं सांगायचं, "हा म, हा ग." मग विचारायचं, "म कुठे आहे? मला दे." आणि ते जमलं तरच शेवटी, "हा कोणता?" आपण घाईत तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतो आणि मूल गप्प होतं. रविवारी डुमसला गेलात तर ओल्या काळ्या वाळूत हेच अक्षर काठीनं काढा. लाट येऊन पुसून जाते, मूल पुन्हा काढतं. पाटीवर इतकी उजळणी कुणाच्या बापानं करून घेतली नसती.

कोणती अक्षरं आधी घ्यावीत? क-ख-ग-घ ह्या क्रमानं वर्णमाला पाठ होते, वाचता येत नाही, कारण पहिल्या चार अक्षरांत मुलाच्या ओळखीचा शब्दच तयार होत नाही. मी आपल्या मुलांसाठी आठ अक्षरं निवडली आहेत: र, म, ग, न, घ, त, प, व. बघा किती शब्द झाले. घर, वन, मगर, नगर, गरम, नरम, पवन, परत, गवत. एक अनुस्वार दिला की रंग आणि पतंग. एक काना दिला की मामा, वाघ, गाव, वारा, तारा, पाव, नाव. आणि मग पहिलं वाक्य येतं: वाघ वनात. मामा घरात. ज्या दिवशी मूल हे वाक्य आपलं आपण वाचतं त्या दिवशी त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. त्या दिवशी सगळे मामा गावात असोत नसोत, फोन लावून द्यावा.

ही आठच का, त्याचं आणखी एक कारण आहे. ह्या आठ अक्षरांवरची आडवी रेघ बोटानं झाका. खाली जे उरतं ते गुजराती अक्षर आहे. थोडं वळण इकडेतिकडे, पण मूल ओळखतं. कागदाची एक पट्टी घ्यायची, पतंगाच्या काडीसारखी निमुळती. पट्टी ठेवली की गुजराती, काढली की मराठी. मुलांना ही जादू वाटते. दोन लिप्या एकदम शिकवल्या तर मूल गोंधळेल अशी भीती आयांना वाटते. ह्या आठ अक्षरांपुरती तर ती मुळीच नको. क, च, ज, ब, ल ही अक्षरं मात्र दोन्हीकडे निराळी आहेत, ती एका दिवशी दोन्ही लिप्यांत दाखवू नयेत. उत्तरायणाच्या आधी घरात पतंग येतातच. प्रत्येक पतंगावर एक अक्षर जाड पेनानं लिहावं आणि गच्चीवर मुलानं ओरडावं, "माझा घ चढला!" कुणाचा घ कापला गेला तर रडारडही होते, तिची तयारी ठेवावी.

शब्दांचा एक खेळ आपल्या शहराचाच आहे. मराठीत दादा म्हणजे मोठा भाऊ, गुजरातीत आजोबा. माझ्या बालवाडीत एक मुलगा म्हणाला, "माझा दादा माझ्याशी मारामारी करतो," आणि शेजारची गुजराती मुलगी थक्क होऊन बघत राहिली. अशा शब्दांच्या जोड्या मुलांबरोबर गोळा कराव्यात. मावशीला मासी, आत्याला फोई, खिडकीला बारी. दोन्ही भाषा आपल्या आहेत आणि दोन्हींत गंमत आहे, हे मुलाला लहानपणीच कळलं की मोठेपणी एकीची लाज वाटत नाही.

आता डोळ्याचे खेळ. घरातल्या वस्तूंना चिठ्ठ्या लावा: दार, माठ, आरसा, पंखा. रात्री मूल झोपल्यावर दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल करा. सकाळी माठावर 'दार' लिहिलेलं असेल. पहिले दोन दिवस लक्ष जात नाही, तिसऱ्या दिवशी घर डोक्यावर घेतलं जातं. दुसरा खेळ हुकमांचा. कागदावर लिहायचं: उडी मार. दार लाव. आजीचा पापा घे. तोंडानं काहीच बोलायचं नाही. मुलानं वाचायचं आणि करायचं. मग मुलानं हुकूम लिहायचा आणि आजोबांनी पाळायचा. आजोबांनी इथे मान घालवून घ्यायची तयारी ठेवावी. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त हेडक्लार्कांना नातवानं बेडकासारखी उडी मारायला लावली. गुडघे दुखले, पण त्या नातवाची वेलांटी पक्की झाली.

आणि ह्या सगळ्या खेळांच्या आधी, मधे आणि नंतर एक गोष्ट रोज: मोठ्यानं वाचून दाखवणं. दहा मिनिटं पुरतात. गिजुभाईंनी गोष्टीला शिक्षणाच्या मधोमध बसवलं होतं, ते उगाच नव्हे. मूल मांडीवर, पुस्तक समोर, आपलं बोट ओळीखालून जाणारं. गोष्ट सांगणं आणि गोष्ट वाचून दाखवणं ह्यांत फरक आहे. सांगताना गोष्ट आजीच्या पोटातून येते. वाचताना मुलाला दिसतं की ती त्या काळ्या खुणांतून येते, आणि रोज तीच येते, एकही शब्द बदलत नाही. मुलं एकच पुस्तक वीसदा वाचायला लावतात. कंटाळू नका. एकविसाव्यांदा मूल स्वतः म्हणतं, "मी वाचतो," आणि पाठ झालेली गोष्ट बोट फिरवत म्हणतं. हे खोटं वाचन नव्हे. वाचनाची सुरुवात अशीच होते.

पुस्तकं कुठली? माधुरी पुरंदरे ह्यांचं 'राधाचं घर' घ्या, घरातल्या माणसांची छोटी छोटी पुस्तकं आहेत ती. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर ह्या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा विनामूल्य मिळतात. पहिल्या पातळीच्या कथांत पानावर एखाद-दुसरंच वाक्य असतं. त्या छापून घ्याव्यात. मोबाइलवर वाचल्या तर मुलाचं बोट पुढच्या कार्टूनकडे जातं.

आता काय करू नये, ते माझ्याच चुकीवरून सांगते. मुलगा साडेचार वर्षांचा होता. मी बालवाडीची बाई, माझ्या मुलाला लवकर वाचता यावं असा मला हट्ट. पाहुणे आले की मी वर्तमानपत्र पुढे करायची, "वाच रे, काकांना दाखव." तीन-चारदा त्यानं वाचलं. एकदा जोडाक्षर अडलं, पाहुणे हसले, मीही हसले. त्यानंतर तो मराठी कागद समोर आला की पाणी प्यायला उठायचा. गुजराती शाळेत त्याला कुणी हसलं नाही, गुजराती तो झरझर वाचायला लागला. आईच्या वहीपाशी तो थांबला त्याची सुरुवात मी त्या बैठकीच्या खोलीत केली होती. दोष मी शाळेला दिला, सुरतेला दिला. पुष्कळ वर्षांनी माझ्या लक्षात आलं. भीती आणि लालूच दोन्ही शिकण्याच्या आड येतात, असं गिजुभाई सांगत आले. मी ते वाचलं होतं, दुसऱ्यांच्या मुलांना पाळलंही होतं.

म्हणून तीन पथ्यं. पाहुण्यांपुढे वाचायला लावू नका. चुकलं तर "चूक" म्हणू नका, आपण बरोबर वाचा आणि पुढे जा. आणि मुलानं "पुरे" म्हणायच्या आधी आपण पुस्तक मिटा, म्हणजे उद्या तेच घेऊन येतं.

ज्यांची नातवंडं आता मोठी झाली आहेत त्यांनीही निराश होऊ नये. शाळेत हिंदी आहे, म्हणजे देवनागरी त्यांना येते. गरज आहे ती फक्त आवडीच्या मजकुराची. क्रिकेटच्या बातमीपासून सुरुवात करा.

मंडळाला माझी एक विनंती आहे. आपल्या ग्रंथालयात महिन्यातून एका रविवारी सकाळी एक तास लहान मुलांना द्या. कपाटाचा खालचा खण त्यांचा, त्यांच्या हाताला पोचेल असा, आणि पुस्तकं फाटली तर फाटू द्या. गोष्ट वाचायला दर वेळी एक आजी किंवा एक आजोबा. गुजराती शेजाऱ्यांची मुलं आली तर त्यांनाही बसवा. ताराबाईंना भावनगरनं बसवून घेतलं होतं.

माझ्या मुलानं दिवाळीनंतर एक केलं. रात्री नातीला मी वाचून दाखवते तेव्हा तोही येऊन बसतो. आधी मोबाइल हातात असायचा, आता नसतो. परवा तिनं चिठ्ठी लिहून त्याच्या उशीवर ठेवली: बाबा गरम पाव आण. त्यानं वाचली आणि सकाळी पाव आणला. आईच्या वहीपर्यंत दोघं कधी पोचतील ते पोचतील. मसाल्याचं पान तेवढं मी मोठ्या अक्षरात उतरवून ठेवलं आहे.

बाहेर टेबलावर साडीची दोन खोकी ठेवली आहेत. त्यांत आठ-आठ अक्षरांचे संच आहेत, आमच्या महिला विभागानं रात्री बसून कापलेले. जाताना एकेक घेऊन जा. आज रात्रीच सुरुवात करा, उद्यावर ठेवू नका.